‘धूम्रपान : नाही’ एवढ्यावर थांबू नका : छातीचा पेशंट सर्वांत आधी पाहणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

केसपेपरवर ‘धूम्रपान : नाही’ असे लिहून झाले की पुढच्या दोन-चार भेटींचा रस्ता जवळपास ठरून जातो. खोकला? ॲलर्जी असेल. गोळ्यांनी थांबला नाही तर ॲसिडिटी, मग दमा, मग बदलते हवामान. औषधे बदलत राहतात, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाची शंका मनात येते ती वजन उतरल्यावर किंवा पाठीचा मणका दुखू लागल्यावर. आम्ही छातीविकार, कर्करोग आणि पॅथॉलॉजी या शाखांत काम करणारे डॉक्टर आहोत. हे पत्र त्या एका नोंदीविषयी आहे. तिच्यापुढे कोणते प्रश्न विचारायला हवेत, कोणत्या तपासणीवर किती भरवसा ठेवावा आणि पेशंट पुढे पाठवताना काय निसटते, ते शक्य तितक्या नेमकेपणाने मांडतो.

जगभरात फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्यांपैकी साधारण १० ते २५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. देशागणिक आकडा बदलतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त आहे. पूर्व आशियात तर हा आजार झालेल्या बहुसंख्य स्त्रियांनी कधी सिगारेट ओठाला लावलेली नसते. तंबाखू हे या कर्करोगाचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे यात वाद नाही, आणि या पत्राचा आधार घेऊन कोणी सिगारेट पेटवू नये. पण ज्याने ती कधी पेटवलीच नाही त्याला ‘तुम्हाला कसा होईल?’ असे म्हणून घरी पाठवणे आता वैद्यकीयदृष्ट्या टिकत नाही.

सुरुवात त्या नोंदीपासूनच करू. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला पंधरा वर्षांपूर्वी सोडलेला माणूसही प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. सोडल्यानंतर दहा वर्षांनी धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, साधारण निम्म्यावर येतो. शून्यावर येत नाही. म्हणून प्रश्न ‘कधी ओढली होती का?’ असा हवा. आयुष्यभरात १०० पेक्षा कमी सिगारेटी ओढलेल्याला अभ्यासांत ‘कधीच न ओढणारा’ धरतात. सिगार, पाइप, हुक्का यांचेही नाव घेऊन विचारा, कारण अनेकांच्या लेखी ते धूम्रपानात मोडत नाही. एवढे करूनही उत्तर ‘नाही’ आले, तर खरी चौकशी इथून पुढे सुरू होते.

आता रेडॉन. यावर जरा जास्त थांबतो, कारण कधीच न ओढणाऱ्यांमध्ये हे सर्वांत महत्त्वाच्या कारणांपैकी एक समजले जाते आणि आपल्या प्रश्नावलीत ते बहुधा नसतेच. जमिनीतल्या युरेनियमचे विघटन होत होत रेडियम आणि त्यातून रेडॉन हा वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही, अर्धायुष्य ३.८ दिवस. मोकळ्या हवेत तो विरून जातो. घरात मात्र आतली ऊबदार हवा वर सरकते, तळाशी किंचित कमी दाब तयार होतो आणि घर जमिनीतली हवा ओढून घेते. फरशीच्या भेगा, भिंत आणि फरशी यांचा सांधा, पाइप आत येतात त्याभोवतीची फट, तळघरातला पाण्याचा खड्डा या त्याच्या वाटा. रेडॉन स्वतः निष्क्रिय वायू आहे, श्वासाबरोबर बराचसा बाहेरही जातो. इजा करतात ती त्याच्यापासून तयार होणारी पोलोनियम-२१८ आणि पोलोनियम-२१४ ही घन मूलद्रव्ये. ती हवेतल्या धुळीला चिकटतात, श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि तिथे अल्फा कण सोडतात. हा कण बाहेरून आला तर कातडीचा वरचा मृत थरही त्याला अडवतो. आत मात्र त्याच्या काही दशांश मिलिमीटरहूनही कमी पल्ल्यात जिवंत पेशी असतात, आणि तो डीएनएचे दोन्ही धागे एकाच वेळी तोडू शकतो. असे तुटलेले धागे पेशीला अनेकदा नीट जोडता येत नाहीत.

धोका किती? युरोपातल्या १३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००५ साली आले. त्यात दर घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्साराचे एकक) रेडॉन वाढला की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो असे दिसले. टक्केवारी ऐकून पेशंट घाबरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडेही जवळ ठेवा. आयुष्यभर न ओढणाऱ्याला वयाच्या ७५ पर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता रेडॉन नसताना सुमारे ०.४ टक्के, १०० बेकरेलला ०.५ आणि ४०० बेकरेलला ०.७ टक्के. ओढणाऱ्यासाठी हेच आकडे १०, १२ आणि १६ होतात. एका माणसापुरती ही वाढ लहान आहे. ती लाखो घरांत पसरलेली असते, म्हणून एकूण संख्या मोठी होते.

मोजल्याशिवाय कोणत्या घरात किती रेडॉन आहे हे सांगता येत नाही. शेजारच्या घराचा आकडा आपल्याला लागू पडत नाही. मोजायला अल्फा कणांचे ओरखडे टिपणारी छोटी प्लास्टिकची डबी मिळते. तिला वीज लागत नाही. राहत्या भागातल्या सर्वांत खालच्या मजल्यावर, झोपायच्या किंवा बसायच्या खोलीत, जमिनीपासून निदान ५० सेंटिमीटर उंचीवर, खिडकी, पंखा आणि उष्णतेपासून दूर ती ठेवायची आणि किमान तीन महिने हलवायची नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळायचे, तिथली आर्द्रता आणि हवेचा झोत आकडा बिघडवतात. कोळशाच्या पुड्यांची दोन ते सात दिवसांची चाचणी फक्त अंदाजापुरती, कारण रेडॉनचे प्रमाण दिवसागणिक आणि ऋतूगणिक बरेच हलते. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भपातळी १०० बेकरेल आहे; ते शक्य नसेल तिथेही ३०० ओलांडू नये असे ती सांगते.

आकडा जास्त आला तर लोक पहिल्यांदा भेगा बुजवतात. नुसत्या बुजवण्याने फारसा फरक पडत नाही, घर दुसऱ्या वाटेने ओढून घेते. हवा शुद्ध करण्याचे यंत्र आणले तर त्याची गाळणी कण पकडते, वायू आरपार जातो. खिडकी उघडी असेपर्यंत प्रमाण उतरते, बंद केली की काही तासांत परत चढते. खात्रीचा उपाय म्हणजे फरशीखालच्या थरातून पाइप काढून पंख्याने सतत हवा ओढायची आणि ती छपराच्या वर सोडायची. इथे होणारी चूक ठरलेली आहे. पंखा राहत्या खोलीत किंवा तळघरात बसवतात. पंख्याच्या पुढचा पाइप दाबाखाली असतो, त्याला कुठे बारीक गळती झाली की जमिनीतला सगळा रेडॉन एका जागी गोळा होऊन थेट घरात येतो. पंखा राहत्या भागाबाहेरच हवा, पाइपावर दाब दाखवणारी यू आकाराची नळी हवी आणि काम झाल्यावर पुन्हा मोजणी हवी. ही दुरुस्ती तुम्ही करणार नाही, हे खरे. पण पेशंट घर मोजून घेतो तो बहुतेक वेळा डॉक्टरांनी एकदा सांगितल्यावरच.

दुसऱ्याचा धूर. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी न ओढणाऱ्या बायकांचा कर्करोग त्यांच्या नवऱ्यांच्या सिगारेटींच्या संख्येबरोबर वाढतो असे १९८१ साली दाखवले, तेव्हा त्यावर बराच गदारोळ झाला. आज त्यावर वाद उरलेला नाही. ओढणाऱ्याबरोबर राहिल्याने धोका सुमारे २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. विचारताना ‘घरात कोणी ओढते का?’ एवढे पुरत नाही. आज कोणी ओढत नसेल, पण बालपणी वडील ओढत असतील, पहिल्या नोकरीतले कार्यालय धुराने भरलेले असेल. किती वर्षे, बंद खोलीत की बाहेर, गाडीत ओढत का, असे विचारा. खिडकी उघडून किंवा पंखा लावून हा धूर सुरक्षित होत नाही.

चुलीचा आणि शेगडीचा धूर हा तिसरा प्रश्न. घरात कोळसा जाळल्याने होणारा धूर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, माणसात निश्चित कर्करोगकारक मानला आहे. लाकूड, गोवऱ्या, पिकांचा कडबा यांचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात आहे, आणि तेल खूप तापवून तळताना निघणारी वाफही त्याच गटात. यातले सर्वांत बोलके उदाहरण चीनच्या युनान प्रांतातल्या शुआनवेईचे. तिथे धूर करणारा कोळसा घरातल्या उघड्या खड्ड्यात जळे. बायका क्वचितच सिगारेट ओढत, तरी त्यांच्यातले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण देशातल्या सर्वाधिक प्रमाणांत होते. ज्या घरांनी धुराडे असलेली शेगडी बसवली, त्यांच्यात पुढे धोका पुरुषांत सुमारे ४१ आणि स्त्रियांत ४६ टक्क्यांनी उतरला. इंधन तेच होते, धूर फक्त बाहेर गेला. म्हणून पेशंटला इंधन कोणते हे विचाराच, पण धूर कुठून बाहेर जाई तेही विचारा. आज गॅसवर स्वयंपाक करणारी साठीची बाई आयुष्याची पहिली पंचवीस वर्षे धुरात बसलेली असू शकते. स्वयंपाकघरात चिमणी आहे असे सांगितले तर ती धूर नळीने बाहेर सोडते की गाळून परत खोलीतच सोडते, हेही पाहावे लागते. दुसऱ्या प्रकारात बारीक कणांचा बराच भाग घरातच फिरतो.

बाहेरच्या हवेबद्दल गेल्या काही वर्षांत समजूत बदलली आहे. डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि बाहेरचे वायुप्रदूषण २०१३ मध्ये आयएआरसीच्या पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारक गटात गेले. २.५ मायक्रॉनहून बारीक कणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले की धोका साधारण ९ टक्क्यांनी वाढतो, असे एकत्रित अभ्यास सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली.

हे कण नेमके काय करतात? लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेले काम इथे महत्त्वाचे आहे. निरोगी दिसणाऱ्या फुफ्फुसाच्या नमुन्यांतही कर्करोगाला चालना देणारी उत्परिवर्तने सापडतात. त्यांनी पाहिलेल्यांपैकी १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआर जनुकातली आणि ५३ टक्क्यांत केआरएएसमधली. वयाबरोबर ती साचतात आणि बहुतेकांच्या आयुष्यात गप्प राहतात. बारीक कण आत गेले की भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा सोडतात, दाह होतो आणि या गप्प पेशी वाढू लागतात. उंदरांमध्ये हे रसायन अडवल्यावर गाठी कमी झाल्या. म्हणजे प्रदूषण नवे उत्परिवर्तन न करताही कर्करोग पुढे ढकलू शकते. मात्र गोष्ट एवढीच नाही. कधीच न ओढलेल्या ८७१ रुग्णांच्या गाठींचे संपूर्ण जनुकीय वाचन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात जास्त प्रदूषित भागांतल्या गाठींत उत्परिवर्तनेही जास्त होती. दोन्ही यंत्रणा एकाच वेळी चालत असाव्यात असे आम्हाला वाटते.

कामाचा इतिहास हा आपल्या केसपेपरचा सर्वांत कच्चा भाग. ‘व्यवसाय : नोकरी’ किंवा ‘निवृत्त’ या नोंदीतून काहीही कळत नाही. ॲस्बेस्टॉसचा संपर्क आणि कर्करोग यांत वीस ते चाळीस वर्षांचे अंतर असते, त्यामुळे आजचे काम विचारून उपयोग नाही. पहिल्या नोकरीपासून सुरू करा. पदनाम नको, हाताने काय करत होतात ते विचारा. ‘मेकॅनिक’ म्हणजे ब्रेकचे जुने अस्तर घासून फुंकर मारणारा की फक्त टायर बदलणारा? बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचे वेष्टण, जुने सिमेंटचे पत्रे कापणे, जहाज तोडणे, जुनी इमारत पाडणे या कामांत ॲस्बेस्टॉस भेटतो, आणि त्याचे सगळे प्रकार कर्करोगकारक आहेत. कामाचे कपडे घरी कोण झटके आणि धुई हा प्रश्न बायकोला, आईला विचारायचा आहे. दगड कापणे, वाळूचा मारा करून धातू घासणे, बोगदे खणणे, ओट्यांसाठीचा कृत्रिम क्वार्ट्झ दगड कोरडा कापणे यांत सिलिका. वेल्डिंगचा धूर २०१७ मध्ये पहिल्या गटात गेला. स्टेनलेस स्टीलवर काम असेल तर क्रोमियम आणि निकेलही. क्रोमचा मुलामा देणारे, कोकच्या भट्टीवरचे, रंगारी, बंद जागेत डिझेलची यंत्रे चालवणारे यांच्या कामाचीही नोंद हवी. ‘मास्क वापरत होतो’ असे उत्तर आले तर कोणता ते विचारा. कापडी रुमालाने सिलिकाची श्वसनयोग्य धूळ अडत नाही.

पिण्याच्या पाण्यातले आर्सेनिक फुफ्फुसाला बाधते हे ऐकून बरेच जण दचकतात, पण पुरावा भक्कम आहे. चिलीतल्या अँतोफागास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेले पाणी मिळत होते. आजची जागतिक मर्यादा १० आहे. पाणी शुद्ध झाल्यावरही तिथले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कित्येक दशके जास्त राहिले. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट वाफ गेल्याने लिटरमागचे प्रमाण वाढते. हे पेशंटला स्पष्ट सांगा, कारण ‘आम्ही उकळूनच पितो’ हे उत्तर हमखास येते.

बाकीचे थोडक्यात. हॉजकिन लिम्फोमा किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी पूर्वी छातीवर किरणोपचार झाले असतील तर धोका वाढलेला असतो. टीबीने किंवा फायब्रोसिसने राहिलेले व्रण, दीर्घकालीन श्वसनरोग हेही. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत फुफ्फुसाचा कर्करोग असेल तर त्यांचे त्या वेळचे वय लिहा. काही मोजक्या घराण्यांत ईजीएफआर जनुकातला टी७९०एम हा बदल किंवा टीपी५३ या जनुकातला दोष जन्मतःच उतरतो. एकाच घरात तरुण वयात अनेक कर्करोग दिसले तर जनुकीय सल्ला हवा.

एवढे विचारायला वेळ कुठे आहे, हा प्रश्न रास्त आहे. सगळे एका भेटीत विचारायचे नाही, आणि कागदावर ते पाच ओळींत मावते. काल्पनिक पेशंटची नोंद अशी दिसेल : ‘स्त्री, ५४. आयुष्यात कधीच धूम्रपान नाही. पती बंद खोलीत २२ वर्षे ओढत. वय १९ पर्यंत घरात कोळशाची शेगडी, धुराडे नाही. ११ वर्षे वेल्डिंगच्या कार्यशाळेत तपासनीस. छातीवर किरणोपचार नाही. बहिणीला ५० व्या वर्षी फुफ्फुसाचा कर्करोग. खोकला ७ आठवडे, बेडक्यात दोनदा रक्त. एक्स-रे नॉर्मल, तरी सीटीसाठी पाठवत आहे.’

आणि हे सगळे विचारूनही अनेकांच्या बाबतीत एकही ठळक कारण सापडत नाही. तेव्हा कारण सापडले नाही असेच सांगावे. ताणतणावावर किंवा पेशंटच्या स्वभावावर खापर फोडू नये. ‘आठवून बघा, कधीतरी ओढली असेल’ हे तर अजिबात नको.

वरच्या नोंदीतली शेवटची ओळ महत्त्वाची आहे. छातीचा एक्स-रे फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पाचातल्या साधारण एका रुग्णात काहीच दाखवत नाही. गाठ कॉलरच्या हाडामागे शिखरावर, हृदयाच्या सावलीत, डायाफ्रामच्या घुमटाखाली किंवा फुफ्फुसाच्या मुळाशी असली की नजर चुकते. एक्स-रे हातात आला की या चार जागा मुद्दाम पाहा, बाजूने घेतलेला एक्स-रे मागवा आणि जुना असेल तर शेजारी लावून तुलना करा. चाळिशीपुढच्या माणसाच्या बेडक्यात कारण न कळणारे रक्त असेल तर एक्स-रे स्वच्छ असूनही सीटी करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, नव्याने बसलेला आवाज, खांद्याचे न हटणारे दुखणे, बोटांची टोके फुगणे, चेहऱ्याची सूज, कारणाशिवाय पायात झालेली रक्ताची गुठळी, यांपैकी काही असेल तर निदान एक्स-रे तरी लगेच, आणि त्रास टिकला तर पुढची पायरी.

दोन चकवे वारंवार दिसतात. पहिला न्यूमोनियाचा. अॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे कधीच न ओढणाऱ्यांत सर्वाधिक आढळणारा प्रकार, कधीकधी हवेच्या पिशव्यांच्या भिंतींवरून पसरत जातो आणि एक्स-रेवर हुबेहूब न्यूमोनियासारखा दिसतो. ताप नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत आणि सावली प्रतिजैविकांनंतरही तशीच, अशा वेळी तिसरे प्रतिजैविक लिहू नका. न्यूमोनियानंतर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा आणि डाग उरला असेल तर सीटी. दुसरा चकवा टीबीचा. टीबी सर्रास असलेल्या प्रदेशात फुफ्फुसाच्या वरच्या भागात सावली दिसली की थुंकीची तपासणी निगेटिव्ह असतानाही औषधे सुरू होतात. कधी ते बरोबर ठरते. पण जंतू सापडलेला नसेल तर निदान अजून झालेले नाही, एवढे केसपेपरवर लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी सावली आहे तशी किंवा मोठी दिसली तर ऊतीचा नमुना घ्या.

छातीत पाणी असेल तर ते काढून ओतून देऊ नका. निदान ५० मिलिलिटर पेशी तपासायला पाठवा आणि सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशी गोळा करून मेणात बसवलेला ठोकळा) करायला सांगा. पहिल्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी सुमारे साठ टक्के वेळाच सापडतात. एक निगेटिव्ह अहवाल म्हणजे सुटका नव्हे.

याचा अर्थ दिसेल त्याचा सीटी करा असा नाही. कमी मात्रेच्या सीटीने तपासणीचा फायदा अमेरिकेतल्या २०११ च्या आणि युरोपातल्या २०२० च्या मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाला तो भरपूर ओढणाऱ्यांमध्ये. तैवानने २०२२ पासून कौटुंबिक इतिहास असलेल्या न ओढणाऱ्यांनाही राष्ट्रीय तपासणीत घेतले. त्याआधी तिथे धोक्याचे अन्य घटक असलेल्या १२ हजारांवर न ओढणाऱ्यांच्या तपासणीत २.६ टक्के लोकांत कर्करोग सापडला, बहुतेक पहिल्या टप्प्यातला. आकडा आकर्षक आहे, पण त्यात कधीच न वाढणाऱ्या धूसर डागांचाही वाटा असणार आणि त्यापायी निष्कारण शस्त्रक्रिया होतात. त्रास नाही, घरात कोणाला नाही, फक्त भीती आहे, अशाला सीटी देऊ नये. रक्तातल्या सीईएसारख्या कर्करोगसूचक मार्करवर तर चाळणी म्हणून अजिबात विसंबू नये.

शेवटचा मुद्दा ऊतीच्या नमुन्याचा. न ओढणाऱ्यांच्या गाठीत औषधाने थेट रोखता येणारा जनुकीय बदल सापडण्याची शक्यता बरीच जास्त असते : ईजीएफआर, एएलके, आरओएस१, आरईटी, एचईआर२ आणि इतर. पूर्व आशियात न ओढणाऱ्यांच्या अॅडेनोकार्सिनोमात निम्म्याच्या आसपास ईजीएफआर बदललेले असते. त्यातले सुमारे ८५ ते ९० टक्के बदल एक्झॉन १९ मधली तूट आणि एल८५८आर हे दोनच. हे शोधायला नमुना पुरेसा आणि नीट जपलेला लागतो. बायॉप्सी लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये टाका. सहा तासांहून कमी किंवा ४८ तासांहून जास्त ती त्यात राहू नये. हाडातून नमुना घेतला असेल तर ते मऊ करायला तीव्र आम्ल वापरल्याने डीएनए तुटतो, तिथे ईडीटीए वापरायला सांगा. पॅथॉलॉजिस्टला ‘कधीच न ओढणारा’ हे अर्जावर लिहून कळवा. मग तो टीटीएफ-१ आणि पी४० एवढ्याच रंगतपासण्यांवर प्रकार ठरवतो आणि उरलेला ब्लॉक जनुकीय तपासणीसाठी राखतो. नमुना अपुरा पडला तर रक्तातून तपासणी करता येते, पण तिथला निगेटिव्ह अहवाल अंतिम धरायचा नाही.

या जनुकीय अहवालाला काही दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. त्या काळात नातेवाईक तुमच्याकडे येतात आणि ‘इम्युनोथेरपी लगेच सुरू करा म्हणावं का?’ असे विचारतात. इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणारे उपचार. ईजीएफआर किंवा एएलके बदललेल्या गाठींत ती एकटी फारशी चालत नाही. शिवाय ती आधी देऊन लगोलग ओसिमर्टिनिब हे ईजीएफआर रोखणारे औषध सुरू केले तर फुफ्फुसाला गंभीर दाह होण्याचा धोका वाढतो. प्रकृती थांबू देत असेल तर अहवालासाठी थांबायचे. थांबणे शक्य नसेल तर कर्करोगतज्ज्ञ पहिली मात्रा केमोथेरपीची देऊन इम्युनोथेरपी मागे ठेवू शकतात. नातेवाइकांना हे सांगा, आणि अहवालात ईजीएफआर व एएलके या दोन्हींचे निकाल आले आहेत ना ते स्वतः वाचून पाहा. कित्येकदा एकच तपासलेले असते.

आपले स्नेहांकित,
छातीविकार, कर्करोग व पॅथॉलॉजी विभागांतील काही सहकारी